बारा हात गावी परततात तेव्हा

आत्ताच आपण सगळ्यांनी मिळून व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ पाहिला. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतले दोन-तीन जण डोळे पुसत होते, हे मी पाहिलं. पुसावेत. १९५७ सालचा कृष्णधवल चित्रपट आजही घाटनांदूरच्या माणसाला रडवतो, ही काही लहानसहान गोष्ट नाही. त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी बर्लिनला रौप्य अस्वल मिळालं, आणि वसंत देसाईंनी चाल लावलेली त्यातली प्रार्थना आपल्या शाळांमधून अजून म्हटली जाते. एवढं सगळं मान्य करून मला आज या चित्रपटाशी थोडं भांडायचं आहे. ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्याशीच भांडता येतं.

भांडण एका प्रश्नावरून आहे. ही सहा माणसं घरी कधी जातात?

गोष्ट आपण पाहिलीच. आदिनाथ नावाचा तरुण तुरुंगाधिकारी सहा खुनी कैदी घेऊन एका उजाड माळावर जातो. बेड्या नाहीत, बंदुका नाहीत. माती फोडतात, पीक काढतात, भाजी बाजारात नेतात. रास्त भावात विकतात म्हणून व्यापारी चिडतो, मारहाण होते, पण हात उचलायचा नाही असा शब्द दिलेला असल्यामुळे ते मार खातात. शेवटी पिकात बैल घुसवले जातात आणि पीक वाचवताना आदिनाथाचा जीव जातो. त्याचे दोन डोळे मात्र मागे राहतात, आभाळात. चित्रपट तिथे, शेतावरच थांबतो. ज्या गावांतून ही माणसं तुरुंगात आली त्या गावांच्या वेशीपर्यंत कॅमेरा जातच नाही. घरची माणसं या गोष्टीत येतात ती पाहुण्यासारखी. आणि ज्यांचे खून झाले त्यांच्या घरचं कोणी? एकदाही नाही.

हे सगळं कोठून आलं, ते आधी पाहू. कथा ग. दि. माडगूळकरांची. गदिमा माणदेशातले, औंध संस्थानच्या मुलखातले. या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. सूर्यनमस्काराचा प्रचार करणारे, स्वतः चित्रं काढणारे, आणि १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता आपणहून प्रजेच्या हाती देणारे. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले इंजिनिअर मॉरिस फ्रिडमन हे दोघे या उद्योगात पुढे होते. (हेच फ्रिडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांपाशी बसले आणि त्यांचे संवाद त्यांनी इंग्रजीत आणले. विड्यांच्या दुकानदाराकडे वेदान्त शिकायला बसलेला पोलिश इंजिनिअर! तत्त्वज्ञानाच्या मास्तरला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.) त्या सुमारास आटपाडीजवळ कैद्यांची एक खुली वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, पण वसाहत टिकली. आज ती सांगली जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आहे.

आता फरक बघा. स्वतंत्रपूरला कैदी बायकामुलांसह राहायला आले. हीच त्या प्रयोगातली खरी कल्पना. जमीन कसा, चूल मांडा, पोरं वाढवा. म्हणजे तुरुंगवासाने जे पहिल्यांदा तुटतं, ते तिथे तुटूच दिलं नव्हतं. चित्रपटाने नेमकी हीच गोष्ट वगळली. सहा एकटे पुरुष, एक साधू वृत्तीचा अधिकारी, आणि विनोदाला व गाण्याला एक खेळणी विकणारी चंपा. माळरान, श्रम, विश्वास, सगळं घेतलं. संसार तेवढा मागे ठेवला. असं का झालं असेल? माझं मत असं आहे की संतचरित्राच्या साच्यात संसार बसत नाही. शांतारामबापूंना एका संताची गोष्ट सांगायची होती. कैदी हे त्या संताच्या चमत्काराचं साहित्य आहे. वाल्याचा वाल्मीकी करायचा तर नारद लागतो, आणि वाल्याची बायकोमुलं पापात वाटेकरी व्हायला नकार देण्यापुरतीच लागतात. हा साचा आपल्या हाडात इतका मुरला आहे की सुटून आलेल्या माणसाकडेही आपण त्याच नजरेने बघतो. एक तर वाल्मीकी हो, नाही तर तू वाल्याच. अधलंमधलं काही नाही. साधा, कधी चिडणारा, कधी उधारी बुडवणारा, चारचौघांसारखा माणूस व्हायची मुभा त्याला नाही.

डोळ्यांचं सांगतो. चित्रपटात कैद्यांच्या मनात पळून जायचं येतं तेव्हा त्यांना आदिनाथाचे डोळे आठवतात. तो मेल्यावरही डोळे शिल्लक राहतात. प्रेक्षक म्हणून आपल्याला यात माया दिसते, आणि ती आहेच. पण हे डोळे सतत पाहणारेसुद्धा आहेत, हे विसरू नका. शिक्षा संपली तरी नजर संपत नाही. आणि ही काही कवीकल्पना राहिलेली नाही. २०२२ साली गुन्हेगारांच्या ओळखीसंबंधीचा नवा कायदा झाला. त्यानुसार घेतलेले बोटांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांच्या नोंदी ७५ वर्षं जपून ठेवता येतात. ७५ वर्षं! विशीतल्या पोराची नोंद त्याच्या पंचाण्णव्या वर्षापर्यंत. शांतारामांच्या आदिनाथाचे डोळे निदान ओले होते.

मी तुमच्यासमोर दोन कायदे ठेवतो, तुम्हीच जुळवून पाहा. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झालेला माणूस सुटल्यानंतर सहा वर्षं निवडणुकीला अपात्र असतो. सहा वर्षं संपली की तो आमदारकीला उभा राहू शकतो, निवडून आला तर मंत्रीही होऊ शकतो. आणि खासगी सुरक्षा संस्थांचा २००५ चा कायदा म्हणतो, न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसाला सुरक्षारक्षक म्हणून नेमू नये. तिथे सहा वर्षांची भाषा नाही. म्हणजे ज्या बंगल्याबाहेर वॉचमन म्हणून त्याला उभं राहता येत नाही, त्या बंगल्यात मंत्री म्हणून त्याला राहता येतं. (हशा) हसलात, बरं झालं. पण गावातला सुटून आलेला पोरगा पुण्याला किंवा चाकणला काम शोधायला जातो तेव्हा वॉचमनची नोकरीच त्याच्या आवाक्यातली असते. चारित्र्य पडताळणीचा कागद आण, म्हणतात. चारित्र्य हा आमच्या नीतिशास्त्रातला केवढा मोठा शब्द! ॲरिस्टॉटलपासून त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले. आता तो पोलीस ठाण्यातून मिळणारा कागद झाला आहे.

विसरणं कायद्याला जमतच नाही असं नाही. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत २०१५ चा बाल न्याय कायदा सांगतो की शिक्षेमुळे येणारी अपात्रता मुलाला चिकटू नये, ठराविक काळानंतर नोंद नष्ट करावी. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यातही, तुरुंगात न पाठवता देखरेखीवर सोडलेल्या माणसाला अपात्रतेतून सोडवणारं कलम आहे. इंग्लंडने तर १९७४ साली मोठ्या माणसांसाठीही कायदा केला. अमुक शिक्षा भोगून अमुक वर्षं नीट काढली की तो गुन्हा ‘संपला’ असं धरायचं, मालकाला सांगायची गरज नाही; अर्थात फार मोठ्या शिक्षा आणि काही नाजूक नोकऱ्या वगळून. आपल्याकडे तुरुंग भोगून आलेल्या प्रौढासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. मुलाला माफ करायला आपल्याला जड जात नाही. मोठ्याचं आपण लक्षात ठेवतो.

इथे मला आपल्याच जुन्या ग्रंथांकडे वळायचं आहे. जरा सावधपणे, कारण त्या ग्रंथांनी कोणाचं काय केलं हे मला चांगलं माहीत आहे. ‘घटस्फोट’ हा शब्द आपण आज नवरा-बायकोच्या काडीमोडासाठी वापरतो. मुळात त्याचा अर्थ दुसराच. मनुस्मृतीत आणि याज्ञवल्क्यस्मृतीत पतित माणसाला बाहेर टाकण्याचा विधी दिला आहे. नातेवाइकांनी गावाबाहेर जमायचं, पाण्याने भरलेला घडा दासीने पायाने लवंडायचा. तेव्हापासून त्या माणसाशी बोलणं, बसणं-उठणं, वाटणी, सगळं बंद. जिवंतपणी त्याचं श्राद्ध घातल्यासारखं. पण त्या ग्रंथांत याच्या लगोलग दुसरा विधीही आहे, आणि तो आपण विसरलो. त्या माणसाने प्रायश्चित्त पुरं केलं की त्याच नातेवाइकांनी त्याच्याबरोबर पवित्र पाण्यात स्नान करायचं आणि नवा, भरलेला घडा पाण्यात सोडायचा. मग त्याने घरात जायचं, पूर्वीसारखे व्यवहार करायचे. आणि वर सूचना अशी की प्रायश्चित्त घेतलेल्याची कोणी निंदा करू नये.

बघा, भाषेने काय केलं. घडा फोडण्याचा शब्द मराठीत राहिला. नवा घडा आणण्याला शब्दच उरला नाही.

मी मनूची तरफदारी करतोय असं समजू नका. हा परतीचा रस्ता जातीच्या आतला होता, जातीने उघडायचा होता. आणि घडा लवंडायला उभी केलेली ती दासी, तिचं कोणी काही विचारलं नाही. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकण्याचा हाच धंदा पुढे इतका चालवला की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. मी फक्त एक मुद्दा उचलतोय. त्या विधीत शुद्ध होण्याची जबाबदारी एकट्या पतितावर नव्हती. नातेवाइकांनाही पाण्यात उतरावं लागे, अंग भिजवावं लागे. आपल्या चित्रपटात पाण्यात उतरतात ते फक्त सहा जण. गाव काठावर उभं राहून बघतं. गाव म्हणजे इथे बाजार, आणि बाजार तर दगडच मारतो.

आणि इथे मात्र मी शांतारामांना पुरते गुण देतो. त्यांनी बाजार दाखवला. सुधारणेच्या गोष्टी सांगणारे बहुतेक लोक शेतावर थांबतात. कैद्याने कष्ट केले, माती सोन्यासारखी झाली, संपली गोष्ट! हा चित्रपट पुढे एक पाऊल जातो. कष्टाचा माल विकायला बसावं लागतं आणि तिथे जुने बसलेले असतात, हे त्याला कळलं आहे. त्या प्रसंगात व्यापाऱ्याला कैद्यांच्या गुन्ह्याचं काही पडलेलं नाही. त्याला त्यांच्या भावाचं पडलं आहे. सुटून आलेल्या माणसाला नाकारण्यामागे नीतीची भाषा असते आणि खाली पुष्कळदा हिशेब असतो. त्याच्या वाट्याची जमीन भावाने कसायला घेतलेली असते. त्याची पिठाची गिरणी दुसऱ्याने चालवायला घेतलेली असते. तो परत येणं म्हणजे कोणाच्या तरी ताटातला घास कमी होणं. हे चित्रपटाने एका प्रसंगात सांगितलं आणि मग घाईने बैल सोडून त्याचं नाट्य करून टाकलं. तिथे आणखी थांबायला हवं होतं, असं मला वाटतं.

आता आपल्या बाजूला येऊ. संभाजीनगरच्या हर्सूल तुरुंगातून सुटलेला माणूस, गावापर्यंतच्या भाड्याचे पैसे घेऊन, परभणी-परळी करत इथल्या स्टेशनावर उतरतो असं धरा. कोणी सांगावं, संध्याकाळचीच गाडी धरत असेल, अंधारात उतरायला. त्याला काम कोण देणार? आपल्या बीड जिल्ह्यात एक धंदा असा आहे की जिथे चारित्र्याचा कागद कोणी मागत नाही. ऊसतोड. मुकादम विचारत नाही, तू आत होतास का. पण मुकादम दुसरं विचारतो, कोयता पुरा आहे का? तुम्हाला सांगायला नको, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल मिळते ती जोडीवर. एकट्याचा तो अर्धा कोयता, त्याची उचल कमी, त्याला टोळीत घेताना नाक मुरडतात. दहा वर्षं आत काढलेल्या माणसाची बायको माहेरी निघून गेली असेल, किंवा इतकी वर्षं दुसऱ्या कोणाच्या जोडीने, भावाच्या नाहीतर बापाच्या, कोयता धरून तिने पोरं जगवली असतील. मग हा येतो. आता तिने त्याच्याबरोबर जायचं का? यावर तिचं मत आपण घेतो का? स्वतंत्रपूरला बायकामुलं का आणली, याचं उत्तर मला आटपाडीपेक्षा आपल्या ऊसतोडीच्या हिशेबात जास्त स्पष्ट दिसतं. काम म्हणजे नुसती मजुरी नसते, ते नात्यांवर उभं असतं. नातं तुटलं की कामही अर्धं होतं, आणि उचलही.

रोजगार हमीचं तसं नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. त्यात काम मागणाऱ्याला त्याचा भूतकाळ विचारायची तरतूद नाही. गावातला प्रौढ आहेस, अंगमेहनतीला तयार आहेस, नाव नोंदव, बस. इतका साधा, न बोलता माफ करणारा कायदा दुसरा मला माहीत नाही. दुष्काळी कामांवर जातीजातींतली माणसं एका रांगेत खडी वाहताना तुमच्यातल्या वयस्कर मंडळींनी पाहिली असतील. तिथे सुटून आलेला माणूस हजेरीपटावरचं एक नाव असतो. हजेरीपटावर नाव असणं म्हणजे गावात असणं. पण त्यासाठी आधी जॉबकार्ड लागतं, आणि इतकी वर्षं गावात नसलेल्याचं ते जुळवून द्यायला ग्रामसेवकाच्या मागे कोणी तरी हिंडावं लागतं. सुटलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात संत नको असतो, असा हिंडणारा एखादा हवा असतो.

चित्रपटाने आणखी एक माणूस पाहिलाच नाही. त्याचे सहाही जण गुन्हा केलेले, शिक्षा झालेले. प्रत्यक्षात २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत दर चारातले तीन जण कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. त्यांना कष्टाची सक्ती नाही, म्हणून बहुतेकांच्या हाती मजुरीही नाही. त्यातला एखादा तीन वर्षांनी निर्दोष सुटतो. गाव काय म्हणतं? ‘सुटून आला.’ निर्दोष ठरला, शिक्षा भोगली, जामीन मिळाला, आपल्या बोलीत तिघांनाही एकच क्रियापद. याने तर काही केलेलंच नाही, मग हा प्रायश्चित्त कशाचं घेणार?

आणि काहींच्या बाबतीत संशय गुन्ह्याच्या आधीच येऊन बसलेला असतो. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. १९८७ चं पुस्तक, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार. धनेगाव, लातूर, सगळा आपलाच टापू. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पोलिसाच्या आणि गावच्या डोक्यातून गेला नाही. ‘दो आँखें’ आणि ‘उचल्या’ लागोपाठ वाचा-पाहा. चित्रपट विचारतो, वाईट माणूस चांगला होईल का? पुस्तक विचारतं, तुम्ही कोण ठरवणारे? माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक खोल आहे, आणि तो विचारायला मात्र संताच्या ऐवजी त्या वस्तीतलाच माणूस लागला.

शेवटचा मुद्दा अवघड आहे, तो टाळला तर हे भाषण अप्रामाणिक होईल. मेलेल्या माणसाच्या घरचे. खून झालेल्याची बायको त्याच गावात, त्याच आळीत राहते. तिच्या दारावरून हा रोज जाणार. मी तिला सांगू का, बाई, माफ कर? मला तो अधिकार नाही. हाना आरेंट या तत्त्वचिंतक बाईंनी, योगायोगाने या चित्रपटाच्या पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये मांडलं की केलेलं कृत्य परत घेता येत नाही, म्हणून माणसाला क्षमा लागते. उद्या काय होईल सांगता येत नाही, म्हणून वचन लागतं. आणि शिक्षा ही क्षमेच्या उलट नाही, तीही क्षमेसारखीच एक गोष्ट संपवण्यासाठी असते. आदिनाथाचे सहा जण वचन देतात आणि जिवावर बेतलं तरी पाळतात. पण क्षमेचं काय? ती मागायला समोर कोणीच नाही. वचन त्यांनी दिलं तेही आदिनाथाला. ज्याचं काही बिघडलं नव्हतं त्याला.

त्या बाईने माफ करावं, असं मी म्हणत नाही. शिक्षा संपवणं हे सरकारचं आणि गावचं काम आहे, माफ करणं हे तिचं, आणि ती नाही म्हणू शकते. मात्र तिला काही मिळायला हवं, ते उपदेशाच्या रूपात नको. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये गुजरातच्या प्रकरणात कैद्यांना योग्य मजुरी द्यावी असं सांगितलं, तेव्हाच त्या मजुरीतला काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी वळवण्याचा मार्गही दाखवला. कल्पना करा, त्या सहा जणांच्या भाजीच्या पैशांतून दर महिन्याला सहा घरी मनिऑर्डर जाते. एखादी परत येते, ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून. तो चित्रपट मला पाहायला आवडला असता. गदिमांनी लिहिला असता तर तो चांगलाच झाला असता.

आता तुमचे प्रश्न घेऊ. माईक मागच्या बाजूला द्या, बायका बसल्यात तिकडे आधी.